वैशालीच्या पगारातला हप्ता

ताई, आधी अक्षराचं सांगून टाकते. माझं अक्षर तुम्हाला ठाऊकच आहे. वाण्याकडून आणायच्या सामानाची चिठ्ठी लिहिली तरी तुम्ही ती तिरकी धरून वाचायच्या. ऱ्हस्व कुठं आणि दीर्घ कुठं हे मला अजून कळत नाही. चौथीपर्यंत गेले, त्यानंतर लिहायची वेळ आली ती सहीपुरतीच. तेव्हा चुकेल तिथं माफ करा. तुम्ही वाचणार नाही हे मला कळतं, तरी माफी मागून ठेवते.

परवा शाळेच्या हॉलमध्ये तुमची शोकसभा झाली. हॉल भरला होता. एकामागून एक उठून माईकवर बोलत होते. कुणी इंजिनियर, कुणी नर्स, एक तर तलाठी झालाय. मलाही पुढं बोलावलं. "मंदाताई, तुम्ही त्यांच्या घरी इतकी वर्षं येत होतात, दोन शब्द बोला." मी नुसती मान हलवली. मागं चपलांजवळ बसले होते, तिथंच बसून राहिले. रडूही आलं नाही. शेजारची बाई पदराने डोळे पुसत होती, ती माझ्याकडे बघायला लागली, ही अशी कशी कोरडी बसली आहे म्हणून. घरी येऊन कणीक भिजवली. मीठ घातलं की नाही आठवेना, म्हणून चाखून बघितलं. तरी कळेना.

सगळे म्हणाले की तुम्ही पोरांना घडवलंत. मला ते बरोबर वाटलं नाही. पोरांना शिकवायला शाळेत मास्तर होते. तुम्ही ऑफिसात हेडक्लार्क. दाखले तुमच्या हातून जायचे, म्हणून दहावीनंतर कोण कुठं गेलं आणि कोण कुठंच गेलं नाही हे तुम्हाला कळायचं. तुम्ही म्हणायच्या, "मार्क कमी पडून घरी बसलेली पोरं थोडी असतात, मंदा. आईबाप प्रवेशाच्या खिडकीवरून परत फिरले म्हणून बसलेली जास्त." म्हणून तुम्ही आईबापांची तयारी करून घ्यायच्या. हे तिथं कुणीच बोललं नाही. बोलणाऱ्यांत सगळी पोरंच होती, त्यांना कसं माहीत असणार.

मी तुमच्याकडे पोळ्या करायला लागले तेव्हा वैशाली लहान होती. जून महिना आला की तुमच्या इंदिरानगरच्या घरात जेवणाचं टेबल बाहेरच्या खोलीत आडवं लागायचं. तुम्ही चष्मा लावून टेबलाच्या पलीकडे बसायच्या आणि समोर एकेका पोराचे आईबाप, प्रवेशाच्या दिवशी काय बोलायचं त्याची तालीम करायला. मी आतून लाटता लाटता ऐकायची. हसूही यायचं. मला काय ठाऊक, माझीही पाळी येणार आहे.

वैशालीला दहावीला चांगले मार्क पडले तेव्हा तुम्ही मला पोळपाटावरून उठवलंत. पंचवटीतल्या भाजीमार्केटातून ह्यांना बोलावून घ्यायला लावलंत. हे गोण्या उतरवून तसेच आलेले, अंगाला कोबीचा वास. खुर्चीच्या कडेला टेकले. तुम्ही एकदम परक्या झालात.

"नाव सांगा."

मी पदर तोंडाशी नेला आणि काहीतरी पुटपुटले.

"बाई, मला ऐकू येत नाही. माझ्यामागं पंखा चालू आहे, बाहेर दोनशे माणसं उभी आहेत. नाव सांगा."

कसंतरी सांगितलं. मग तुम्ही म्हणालात, "मुलीला डिप्लोमाला इलेक्ट्रॉनिक्स मिळत नाही. सिव्हिल आहे. घेता का?"

"ह्यांना विचारून सांगते."

तुम्ही चमच्याने स्टीलचा पेला वाजवलात. "गेली जागा. पुढचा नंबर!"

"अहो ताई, पण हे इथंच बसलेत ना."

"बसलेत? मग विचारा की."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे घसा खाकरून म्हणाले, "भाऊंना विचारून सांगतो."

पेला परत वाजला. "ह्यांची तर दोनदा गेली!"

त्या दिवशी हेसुद्धा हसले होते. भाऊ म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ, दिंडोरीकडे गावी राहतात. आमच्या घरात बैल घ्यायचा असो की पोरीचं नाव ठेवायचं असो, त्यांना विचारल्याशिवाय काही झालेलं नव्हतं. त्यात कुणाला काही वावगंही वाटत नव्हतं. तुम्ही मात्र आम्हाला समजावून सांगितलंत, की प्रवेशाच्या हॉलमध्ये नाव पुकारल्यावर तिथल्या तिथं सांगावं लागतं. विचारायला बाहेर गेलेल्या माणसासाठी कुणी थांबत नाही. "हे एक वाक्य सोडून दुसरं काहीही बोल," तुम्ही म्हणालात. "शिवी दिलीस तरी चालेल."

मग मला तुम्ही कामं लावलीत. द्वारकेच्या चौकात जाऊन धुळ्याच्या गाड्या किती वाजता आहेत ते विचारून ये. बँकेत जाऊन कोरा फॉर्म माग. पोस्टातल्या माणसाला वेळ विचार. घड्याळ तिथं भिंतीवर होतं, ताई. मी तरी विचारली. तो म्हणाला, "बाई, वर बघा." मी घरी येऊन हुंदके देऊन रडले, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही हसत हसत परत तिथंच पाठवलंत, पाकीट आणायला. तेव्हा रडू किती सहज यायचं.

आपलं ठरलं होतं. नाशिकलाच घ्यायचं. इलेक्ट्रॉनिक्स मिळालं तर उत्तम, नाही तर सिव्हिल, पण नाशिकलाच. ठरवलं तुम्हीच. कारणही सांगितलं होतं. मागं एका मुलीला तुम्ही हौसेनं बाहेरगावी होस्टेलला घातलं होतं. दिवाळीला घरी आली ती आईबापांनी परत पाठवलीच नाही, आणि उन्हाळ्यात तिची पत्रिका तुमच्याच हातात दिली. तुम्ही त्या लग्नाला गेला नव्हता. "घरून डबा घेऊन जाणारी मुलगी शिक्षण पुरं करते," तुम्ही म्हणायच्या. "लांब गेलेली मुलगी परत आणायला लोकांना फक्त एक सण लागतो."

हॉलमध्ये मुलगी आणि एकच पालक, एवढंच आत सोडत होते. हे चहाच्या टपरीपाशी गेले ते तिथलेच झाले. तुम्ही फाटकाबाहेर झाडाखाली उभ्या. आम्ही मायलेकी आत गेलो. नाव पुकारलं. टेबलामागचे साहेब चांगले होते, ओरडले वगैरे नाहीत. म्हणाले, "नाशिकला इलेक्ट्रॉनिक्स संपलंय. सिव्हिल आहे. इलेक्ट्रॉनिक्स पाहिजे तर धुळ्याला जागा आहे. मुलीला लांब पडेल, बघा. काय करताय?"

वैशाली खाली बघत होती.

"धुळे," मी म्हणाले. एवढ्या मोठ्यांदा, की दारातला शिपाई वळून बघायला लागला.

बाहेर आल्यावर तुम्ही विचारलंत, काय मिळालं. मी सांगितलं. तुम्ही झाडाच्या पारावर मटकन बसलात.

"अगं, आपलं काय ठरलं होतं?"

"नाशिक."

"मग?"

"तोंडातून गेलं."

"मी महिनाभर तुला बोलायला शिकवलं, आणि तू पहिलंच वाक्य माझ्या विरोधात बोललीस?"

तेवढ्यात हे आले. धुळे ऐकून ह्यांचा चेहरा उतरला. "आता भाऊंना काय सांगू?"

तुम्ही रागातच होतात, तरी म्हणालात, "भाऊंना सांगा, मंदाला विचारा म्हणावं."

होस्टेलचे पैसे आमच्याकडे नव्हते. ते तुम्हालाही माहीत होतं. चार दिवस तुम्ही माझ्याशी धड बोलला नाहीत. पोळ्या झाल्या की "ठेव तिथं" एवढंच. पाचव्या दिवशी वैशालीला बोलावून तुम्ही पैशांचं पाकीट तिच्या हातात दिलंत आणि मला म्हणालात, "हे तुला देत नाहीये. हिला देतेय. नोकरी लागली की ही फेडेल. तू पोळ्या लाटून यातला एक रुपया द्यायचा नाही."

त्यावरून आपलं वाजलं ते शेवटपर्यंत. माझं म्हणणं होतं, कर्ज आईबापांचं असतं, पोरीच्या डोक्यावर ते कशाला. एकदा मी साठवून पैसे आणले, तर तुम्ही मला चहा दिलात आणि कप धुवायला मी आत गेले तेवढ्यात ते माझ्याच पिशवीत परत घातलेत. मला ते द्वारकेला रिक्षाचे पैसे देताना सापडले. मी इतकी चिडले होते. तुम्हाला कधी बोलले नाही.

दिवाळीला वैशाली आली आणि म्हणाली, मी परत जात नाही. सगळं इंग्रजीतून, काही कळत नाही, मुली हसतात, ड्रॉइंगच्या शीट मास्तर परत देतात. हे म्हणाले, नाही तर नाही, राहू दे. भाऊंचा निरोपही आला, की बरं झालं. मला वाटलं, आता तुम्ही म्हणणार, सांगितलं होतं ना. तुम्ही म्हणायला पाहिजे होतं. मीच तुमच्या तोंडून ते ऐकायला आले होते, म्हणजे मला रडता आलं असतं.

तुम्ही विचारलंत, "गाडी कितीची आहे?"

द्वारकेच्या स्टॉपवर तुम्ही स्वतः आलात. हातात शीटची गुंडाळी. रजा टाकली होती. वैशाली रडत होती, मी बॅग धरून उभी. तुम्ही तिला म्हणालात, "मला तू इथंच हवी होतीस. तुझ्या आईनं ऐकलं नाही. पण आता तू गेलीस ना, मग माझं म्हणणं संपलं. चल, मला पण धुळे बघायचंय." आणि तिच्यामागं गाडीत चढलात. मी स्टॉपवर राहिले. तिथं जाऊन तुम्ही काय केलंत, कुणाशी बोललात, मला आजही ठाऊक नाही. वैशाली एवढंच सांगते की ताईंनी मला भेळ खायला घातली आणि माझ्या खोलीतल्या मुलींना त्यांच्या आईबापांची नावं विचारली. ती परत आली ती डिप्लोमा घेऊनच.

अंबडच्या कंपनीत तिला नोकरी लागली तेव्हा भाऊ पहिल्यांदा पेढे घेऊन आले. पेढ्यांबरोबर एक स्थळही आणलं. आणि तेव्हा मला कळलं ताई, तुम्ही ते पैसे असे का दिले होते. तुम्ही घरी आलात, भाऊंना वाकून नमस्कार केलात आणि गोड आवाजात म्हणालात, "मुलगी तुमचीच आहे. पण तिच्यावर माझे पैसे आहेत. कर्जासकट मुलगी दुसऱ्याच्या घरात गेली तर तुमच्या घराण्याला शोभेल का?" भाऊंना ते शोभण्यासारखं नव्हतं. त्यांनी स्थळाचा विषय सोडला.

मग दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही मायलेकी तुमच्याकडे. वैशाली पगारातला हप्ता तुमच्या हातात द्यायची. हप्ता केवढा, तर ह्यांच्या तंबाखूला पुरेल एवढा. ती म्हणायची, "ताई, जास्त देते ना. पगार वाढलाय." तुम्ही म्हणायच्या, "मला कुठं घर बांधायचंय?" भाऊ तिकडे चरफडायचे, "ही कसली सावकारीण, पैसे वाढवून घेत नाही!"

मला हे पटत नव्हतं. तुमच्या तोंडावर एकदाच म्हणाले. लोक विचारतात पोरीत काही खोट आहे का. कर्जाच्या नावाखाली किती वर्षं लपवायचं. जे आहे ते सरळ सांगावं, की तिला अजून शिकायचंय, नोकरी करायचीय.

"सांग की मग," तुम्ही म्हणालात. "कोण सांगणार? तू?"

मी कप उचलून आत जायला निघाले.

"तू नाही म्हणायला शिकेपर्यंत माझं कर्ज नाही म्हणेल."

हे मला लागलं होतं, ताई. तेव्हा वाटलं, हॉलमध्ये मी बोलले होते ते तुम्ही मोजलंच नाही.

त्या दिवशी धुळे का म्हणालीस, हे तुम्ही मला नंतर कितीदा विचारलंत. कधी चेष्टेत, कधी खरंच. मी दर वेळी तोंडातून गेलं म्हणाले. तसं ते गेलंही होतं. पण का गेलं ते आता लिहिते, कारण आता तुम्ही त्यावर काही बोलणार नाही. मी चौथी पास झाले तेव्हा पाचवी शेजारच्या गावाला होती. मधे ओढा. मास्तर घरी आले होते माझ्या वडिलांना सांगायला, की पोरगी हुशार आहे. वडील वाईट नव्हते. म्हणाले, "लांब पडतं हो मास्तर." बस्स. मास्तर चहा पिऊन गेले. कुणी रागावलं नाही, कुणी रडलं नाही, मी पण नाही. मला वाटलं लांब पडतं म्हणजे पडतं. हॉलमध्ये साहेबांनी तेच म्हटलं, आणि वैशाली खाली बघत होती. एवढंच झालं. तुम्हाला सांगायची लाज वाटली, कारण तुम्ही म्हणाला असतात, अगं हे आधी का नाही सांगितलंस, आणि मग डोळ्यांत पाणी आणलं असतंत. मला ते बघवलं नसतं.

तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा मी दुसऱ्या एका घरी पोळ्या लाटत होते. तिथल्या वहिनी म्हणाल्या, जा, राहू दे. मी म्हणाले, थोड्याच राहिल्यात. सगळ्या लाटल्या. तवा घासून ठेवला. मग निघाले.

तेव्हा एकच हप्ता राहिला होता. शेवटचा.

तुमच्या दहाव्यानंतर भाऊ गावाहून आले. चहा घेताना म्हणाले, "बाई गेली. वाईट झालं. पण आता मधी काय राहिलं नाय. पिंपळगावची माणसं आहेत, द्राक्षाची बाग हाय, पोरगा एकुलता. पोरीला नोकरीची गरज नाय म्हणतात. रविवारी बघायला येतील."

वैशाली कामावर गेली होती. हे खाटेवर बसून पायाचं नख बघत होते. तिला काय हवंय ते मला माहीत होतं. कंपनीत कायम झाली की नोकरी सांभाळून डिग्री करायची, असं तिनं तुमच्यापाशी माझ्यासमोरच सांगितलं होतं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते.

"हप्ता राहिलाय, भाऊ," मी म्हणाले.

"आता कुनाला देती? मेलेल्या माणसाचं कर्ज बी मेलं."

"त्यांच्या भावाला देऊ."

"दे बाई, दे. मंग तर झालं ना? रविवारी..."

"रविवारी कुणी यायचं नाही. वैशालीला पुढं शिकायचंय. तिला लग्न करायचं होईल तेव्हा ती सांगेल, मग आपण बोलवू."

भाऊ माझ्याकडे बघतच राहिले. इतक्या वर्षांत माझा आवाज त्यांनी असा ऐकलाच नव्हता. म्हणाले, "हे तू म्हणतीस, का ती बाई म्हणती?"

"त्या गेल्या ना, भाऊ. मीच म्हणते."

मला वाटलं आता हे मधे पडतील. ह्यांनी मान वर केली नाही. तसेच म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, भाऊ. जेवून घ्या."

मी ताटं वाढली. तुम्ही असता तर म्हणाला असतात, शाबास, शिकलीस एकदाची. पण ते धाडस नव्हतं, ताई. तुम्ही गेल्यापासून मला कशाची भीतीच वाटत नाही. भीती वाटायलासुद्धा आत काहीतरी वाटावं लागतं. आता मला ते परत यायला हवं आहे, भीतीसकट.

काल आम्ही तुमच्या घरी गेलो. पहिला रविवार नव्हता. तुमचे ठाण्याचे भाऊ घर आवरायला आले आहेत. टेबल भिंतीला उभं करून ठेवलं होतं. वैशालीनं सांगितलं, कशाचे पैसे ते. त्यांना काहीच माहीत नव्हतं.

"ताईनं मला कधी बोलून दाखवलं नाही," ते म्हणाले. "अजून कुणाकुणाला दिले असतील कोण जाणे. राहू द्या हो. तिच्या नावानं देवळात टाकून द्या."

वैशालीनं माझ्याकडे बघितलं.

"देवळात नको," मी म्हणाले. "त्यांनी पोरीच्या हातात दिले होते. पोरीच्या हातून घ्या. आणि मोजून घ्या."

त्यांना बरं वाटलं नाही मोजायला. तरी मी उभीच आहे बघून त्यांनी मोजले. "बरोबर आहेत," म्हणाले, आणि शर्टाच्या खिशात ठेवले. पाणी विचारलं. आम्ही नको म्हणालो.

पैसे फिटले, ताई. सगळे. आम्ही जिना उतरलो, आणि वरून कुणी म्हणालं नाही, पुढच्या महिन्यात या गं.